सहा नंबरची तार

माझ्या थोरल्या दिरांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि त्यात माझी चूक शून्य. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू नकाशे काढतेस म्हणजे नक्की काय करतेस गं? रेघा मारतेस?" मी म्हटलं, "हो दादा. तुम्ही लाकडात मारता, मी कागदावर मारते." सगळे हसले, ते सोडून. तेव्हापासून त्यांनी माझं नाव 'चित्रकार' ठेवलं. मी त्यांचं काय ठेवलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी विजेच्या पॅनेलचे नकाशे काढते. कुठल्याही मोठ्या यंत्राच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट असतं, कपाटात तारांचं जंगल असतं आणि दाराच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक नकाशा असतो. कुठली तार कुठून निघाली, कुठं गेली, हे त्यात कळतं. तो माझ्यासारखं कुणीतरी काढतं आणि यंत्र बंद पडेपर्यंत त्या माणसाची कुणाला आठवण होत नाही.

घरचा धंदा लाकडी दारांचा. कारखान्यात शेजारी शेजारी दोन मशिनी आहेत. टेबलावर फळी आवळायची, वरून फिरतं पातं खाली येतं आणि संगणक सांगेल तशी नक्षी कोरतं. एका मशीनवर थोरले, दुसऱ्यावर माझा नवरा. दोन्ही मशिनी एकाच संगणकावर चालतात आणि तो संगणक थोरल्यांच्या टेबलावर. त्यात एक फाईल आहे, तीही त्यांनीच लिहिलेली. बटण दाबलं की काय व्हावं, पातं किती वेगानं सरकावं, मशीनचं दार उघडलं की काय थांबावं, सगळं त्या फाईलमध्ये. लोखंडी कपाटातल्या तारा हाताला लागतात तरी. या फाईलमधल्या तारा म्हणजे नुसते शब्द. अमुक याला जोडा, तमुक त्याला जोडा, अशा ओळीच्या ओळी. थोरल्यांशिवाय ती कुणाला वाचता येत नव्हती, आणि त्याचा त्यांना केवढा माज होता ते मी जवळून पाहिलंय.

आता खरं दुखणं. बाबा, म्हणजे माझे सासरे, पुढच्या खोलीत बसतात. त्यांच्यासमोर एक पडदा आहे, त्यावर दोन्ही मशिनींचा वेग दिसतो. दोन्हीकडे आकडा शंभर. मशीन सारखी, पातं सारखं, आकडा सारखा, पण संध्याकाळपर्यंत थोरल्यांकडून जेवढी दारं निघतात त्याच्या निम्मी माझ्या नवऱ्याकडून निघतात. मग दोष कुणाचा? माणसाचा. बाबांनी त्याचं नावच गोगलगाय ठेवलं होतं. गिऱ्हाइकांसमोर हाक मारायचे, "अरे गोगलगाय, ते नमुन्याचं दार आण. आज निघालास तर उद्या पोचशील." गिऱ्हाईक हसायचं. तो दार घेऊन यायचा आणि तोही हसायचा. त्याचं ते हसणं बघून माझं डोकं फिरायचं.

बाबांनी एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, "मी आता थकलो. येत्या रविवारी ठरवून टाकतो. एक तर अर्धं अर्धं, एकेक मशीन एकेकाच्या नावावर. नाही तर सगळं थोरल्याचं, आणि हा त्याच्या हाताखाली. पण ज्याला मशीन पळवता येत नाही त्याच्या नावावर करून काय फायदा?"

नवरा भात कालवत राहिला. मी खोलीत गेल्यावर म्हटलं, "तू काही बोलणार आहेस की नाही?"

"काय बोलू? बाबा म्हणतात ते खोटं आहे का?"

"खोटंच आहे. तू फळी बांधताना मी पाहिलंय. तुझा हात दादांपेक्षा चपळ आहे. मग दारं निम्मी का? त्या फाईलमध्ये काहीतरी काळंबेरं आहे. वाचणारा एकच, लिहिणारा एकच. दोघांत मशीन वाटून घ्यायची नसेल तर याहून सोपा उपाय कुठला?"

"दादा तसं करणार नाही."

"तुझ्या लेखी जगात कुणीच काही करणार नाही. तू आडवा हो."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन सरळ फाईल मागितली. थोरले खुर्ची मागं टाकून बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला नको तितक्या उंचीवर एक जुनं कॅलेंडर लटकत होतं. गेल्याच्या गेल्या वर्षाचं. नवीन कॅलेंडर लावायलासुद्धा या माणसाचा हात सैल होत नाही, असं मला ते बघून दरवेळी वाटायचं.

"फाईल वाचायला डोकं लागतं, चित्रकार."

"वाचायची नाहीच. मला तिचा नकाशा काढायचाय. एक प्रोग्रॅम लिहिते. तो प्रत्येक ओळ घेईल, प्रत्येक नावाचा डबा करेल, प्रत्येक जोडणीची रेघ. मग कुणालाही वाचता येईल. बाबांनासुद्धा."

त्यांचा चेहरा असा काही बदलला की माझी खात्रीच पटली. "काही गरज नाही. चाललंय ते चालू दे."

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं आणि पुढच्या खोलीत बाबांकडे गेले. बाबांना नकाशाची कल्पना भलतीच आवडली. आपल्याच कारखान्यातलं आपल्याला कळत नाही ही सल त्यांना होतीच. त्यांनी तिथूनच ओरडून हुकूम सोडला. थोरल्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर फेकला, हातात दिला नाही.

"काढ चित्र. पण शेरे वाच. मी जागोजागी शेरे लिहिलेत, कशासाठी काय आहे ते. शेऱ्यांशिवाय त्या फाईलला अर्थ नाही."

शेरे माझ्या प्रोग्रॅमनं पहिल्या झटक्यात गाळून टाकले. ते गाळायचेच असतात. शेरा म्हणजे लिहिणाऱ्याचं म्हणणं, मशीन तो वाचतच नाही. वर शेरा असावा 'दार उघडलं की थांब' आणि खाली तार भलतीकडेच गेलेली असावी, असं मी कामावर दहादा पाहिलंय. वाचणारा शेरा वाचतो आणि पुढं जातो, तारा कुणी तपासत नाही.

पहिलं चित्र निघालं ते मांजरानं खेळून टाकलेल्या लोकरीसारखं. मग मी नियम घातले. हातानं दाबायचं ते सगळं डावीकडं, हलणारं ते सगळं उजवीकडं, मध्ये हिशेब करणारे डबे. रेघांनी एकमेकींना कमीत कमी ओलांडायचं. दोन दिवसांनी चित्र सुटसुटीत झालं. इतकं सुंदर झालं की क्षणभर मी भांडण विसरले. वरच्या अर्ध्यात थोरल्यांची मशीन, खालच्या अर्ध्यात आमची. दोन्ही बाजू आरशात बघावं तशा सारख्या, फक्त आमच्या वेगाच्या रेघेवर एक डबा जास्त होता. थोरल्यांच्या रेघेवर तो नव्हताच. तो डबा पडद्याच्या नंतर आणि मोटारीच्या आधी बसला होता, आणि त्याचं काम एकच, आलेला वेग निम्मा करून पुढं पाठवायचा. म्हणजे पडद्यावर शंभर आणि मशीनला पन्नास.

मी टाळी वाजवली. नवरा दारात उभा होता.

"सापडलं! हे बघ. इतकी वर्षं तुझ्या पायात दोरी बांधून वर तुलाच गोगलगाय म्हणत होते!"

त्यानं चित्राकडं पाहिलं. मग विचारलं, "यात सगळंच दिसतं?"

"सगळं."

"आणि दादानं शेरा लिहिलाय, तो?"

"शेरे येत नाहीत. माणूस खोटं बोलेल, तारा खोटं बोलत नाहीत."

"हे बाबांना दाखवू नकोस." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मला नको अर्धं. मी हाताखाली राहीन. मला चालतंय."

"मला नाही चालत," मी म्हटलं. मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता की त्या आवाजात काय आहे ते मी ऐकलंच नाही. लढायला निघावं आणि ज्याच्यासाठी लढायचं त्यानंच तलवार धरून ठेवावी, तसं झालं होतं.

रविवारी कारखाना बंद. मी चित्र मोठ्या कागदावर छापून आणलं आणि दोन मशिनींच्या मधल्या भिंतीवर चिकटवलं. बाबा खुर्ची घेऊन बसले. थोरले हाताची घडी घालून उभे. नवरा त्याच्या मशीनला टेकून खाली बघत होता.

मी बाबांना आधी वाचायला शिकवलं. डबा म्हणजे काय, रेघ म्हणजे काय. "आणि बाबा, एकच लक्षात ठेवा. हे असं का होतंय असा प्रश्न पडला की रेघेवर बोट ठेवायचं आणि डावीकडं जायचं. मूळ नेहमी डावीकडं."

"नदीसारखं," बाबा म्हणाले. आयुष्य लाकडात गेलेलं, त्यामुळे रेघेवरून बोट फिरवायची त्यांना सवय होती. पाच मिनिटांत ते माझ्याआधी वाचायला लागले. "हे थांबायचं बटण. ते दोन्हीकडं जातं. बरोबर? आणि हा हवेचा दाब. अरे वा, सोपं आहे की! इतकी वर्षं हा थोरला मला म्हणत होता तुम्हाला कळायचं नाही."

मग मी त्या डब्यावर पेन टेकवलं आणि सगळं सांगितलं. निम्मा वेग. पडद्यावर शंभर. फाईल लिहिली कुणी, ती वाचता येते कुणाला, मशीन वाटून गेली तर नुकसान कुणाचं. पाठ करून आल्यासारखी मी बोलले. पाठ केलंच होतं.

बाबांनी मान वळवली. "काय रे?"

"मशीन गार असताना हळू चालावं म्हणून आहे ते," थोरले म्हणाले. "तसा शेरा आहे फाईलमध्ये."

"मग डावीकडं तापमान मोजणारं काहीतरी हवं ना? दाखवा कुठंय!"

"पुरे गं," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

"चित्रकार, फाड तो कागद," थोरले म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, दादा."

बाबा उठले. चष्मा वर सारला, डब्यावर बोट ठेवलं. "भांडू नका. डावीकडं जाऊ. तूच शिकवलंस." त्यांचं बोट रेघेवरून सरकत सरकत कागदाच्या टोकाला गेलं. तिथं एक छोटा चौकोन होता, हातानं चालवायच्या बटणाचा. आत आकडा सहा. "म्हणजे हे हळू-जोरात करायला एक बटण आहे. हे सहा नंबरचं बटण कुठं आहे?"

"दादांच्या टेबलावर असणार."

"असणार? बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. दुसऱ्या कुणाच्या नकाशात मी तो आकडा तारेपाशी जाऊन पडताळल्याशिवाय सही केली नसती. पण इथं मला उत्तर आधीच माहीत होतं ना! मी तोऱ्यात मशिनींमागचं लोखंडी कपाट उघडलं, सहा नंबरच्या खोबणीतली करडी तार दोन बोटांत धरली आणि तिच्या मागं निघाले. तार पाइपात शिरली, पाइप जमिनीलगत गेला. थोरल्यांच्या टेबलाकडे फाटा होता. तार तिकडं वळली नाही. ती सरळ गेली, आमच्या मशीनकडे, टेबलाच्या पोटाखाली. मी गुडघ्यांवर बसून खाली वाकले. उभ्या माणसाचा गुडघा जिथं येईल बरोबर तिथं एक छोटं बटण होतं. त्याच्या भोवतालचा रंग कापड घासून घासून उडाला होता.

माझ्याशेजारी कुणीतरी वाकलं. थोरले. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता आणि त्यात इतका द्वेष होता की मी मागं सरले. दात आवळून ते कुजबुजले, "ऊठ आणि सांग, तार माझ्या टेबलाला जाते म्हणून. सांग, दादानं केलं. तुला तेच हवं होतं ना? सांग!"

मी उठले. तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"मीच सांगितलं होतं दादाला," नवरा म्हणाला. "ते बटण माझं आहे, बाबा."

मग तो दादांच्या टेबलामागं गेला आणि ते उंचावरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागं भिंतीत भोक होतं, अंगठा जाईल एवढं. "पातं तुटलं होतं. पूर्ण वेगात. माझ्या कानाजवळून गेलं आणि इथं घुसलं. त्यानंतर पूर्ण वेगात चालवलं की माझे हात थरथरतात. फळी धरता येत नाही. हळू असलं की येते." त्यानं कॅलेंडरची सुरळी केली, सोडली, पुन्हा केली. "दादानं पातं उपटून काढलं, हे लावलं आणि दुसऱ्या दिवशी बटण बसवलं. मला काही विचारलं नाही."

पडद्यावर मात्र शंभरच दिसावा म्हणून तो डबा पडद्याच्या नंतर बसवला होता. गार मशीनचा शेरा त्याच्यावर पांघरूण घालायला. दोघा भावांची अळीमिळी गुपचिळी, आणि माझ्या प्रोग्रॅमनं नेमकं पांघरूण तेवढं ओढून टाकलं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. मायेचा एखादा शब्द तरी येईल असं मला वाटलं. ते म्हणाले, "गोगलगाय आणि पोटात पाय! मला वाटलं आळशी आहेस. भित्रा निघालास." मग थोरल्यांना म्हणाले, "सगळं तुझ्या नावावर. तो डबा काढून टाक. याला जमलं तर मशीनवर राहील, नाही तर मागं पॉलिश करायला बसव. आणि नुसतं तोंडानं सांगू नकोस मला. सूनबाई नवीन चित्र काढेल, ते मी बघेन."

घरी मी म्हटलं, "मला का सांगितलं नाहीस? मी तुझी बायको आहे."

"तुला सांगितलं असतं तर तू मला धीट करायला निघाली असतीस," तो म्हणाला. बाकी त्या आठवड्यात तो माझ्याशी मीठ-मिरचीपुरतंच बोलला. मी रडले, भांडी आपटली, थोरल्यांना शिव्या दिल्या, कारण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. त्यांनी आधी तोंड उघडलं असतं तर? पण कुणापुढं उघडायचं, माझ्या?

शनिवारी थोरल्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर फेकला. "डबा काढलाय. बाबांना चित्र हवंय."

मी प्रोग्रॅम चालवला. चित्र आलं. आमच्या वेगाच्या रेघेवर डबा जिथं होता तिथं नव्हता. तो थोडा पुढं, मोटारीला अगदी चिकटून बसला होता. बोट ठेवून डावीकडं गेले, तर सहा नंबरच्या बटणाच्या जागी अकरा नंबरचं.

मी कारखान्यात गेले. नवरा मागच्या बाजूला फळ्या उतरवत होता. थोरले पाठमोरे होते. मी म्हटलं, "दादा, डबा आहे अजून."

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "असेल. मला काय कळतंय? रेघा मारायचं काम तुझं."

परत येऊन मी चित्रासमोर बसले. इतक्या वर्षांत मी एकही खोटी रेघ मारली नव्हती. चुकीच्या मारल्या असतील, खोटी नाही. मी डबा निवडला आणि पुसला. अकरा नंबर पुसला. दोन तुटकी टोकं राहिली, ती सरळ रेघेनं जोडून टाकली. कुणाला संशय यायला नको म्हणून रेघेची जाडी इतर रेघांएवढी आहे ना, तेही तपासलं.

रविवारी बाबांनी चष्मा वर सारला. वेगाच्या रेघेवर बोट ठेवलं आणि मी शिकवलं होतं तसं डावीकडं गेले. उजवीकडून डावीकडं, मध्ये काही नाही. पुन्हा एकदा गेले.

"आता कसं स्वच्छ झालं," ते म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, तारा बोलत नाहीत. काय सूनबाई?"

हे माझंच वाक्य. नवऱ्यानं त्यांना सांगितलं असणार, की मीच कधीतरी तोऱ्यात बोलून दाखवलं होतं, कोण जाणे.

"नाही बोलत, बाबा," मी म्हटलं.

थोरल्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. टेबलामागच्या भिंतीवर, त्या भोकावर बरोबर मध्य धरून त्यांनी तो चार खिळ्यांनी ठोकला. हातोडी परत ठेवताना ते माझ्या अंगावरून गेले आणि "बाजूला हो" म्हणाले. आमचं अजूनही पटत नाही.

सोमवारी नवरा मशीनवर उभा राहिला. बाबा पुढच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसले. आत मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या पडद्यावर शंभर आकडा आला.